काढलेले फोटो

बाबांनी कॅमेऱ्यातलं ते कार्ड आधी कापसात, मग रुमालात आणि मग आईच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. वस्तू नखाएवढी, पण जिना चढताना डबी दोन्ही हातांनी धरलेली, कठड्याला हात लावायचं नाव नाही. मागून ठकी "बाबा, सांभाळून" म्हणत एकेक पायरी चढत होती. हा जिना संपूच नये, असं तिला मनापासून वाटत होतं.

ठकी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी बसवाल तिथे गप्प बसायची म्हणून पडलेलं, ते चाळिशी उलटली तरी चिकटून राहिलं होतं. बाहेर मात्र ती ड्रायक्लीनिंगवाल्या बाई. कोपऱ्यावरच्या दुकानात ती काउंटरमागे उभी असायची आणि लोक तिच्यापुढे कपडे पसरून दिवसभर एकच गोष्ट सांगायचे. एवढा डाग काढा. शाईचा काढा, तेलाचा काढा, कशाचा आहे ते विचारू नका पण काढा. ठकी काढायची. नंतर तिथे काही होतं अशी शंकासुद्धा येऊ नये, असं तिचं काम होतं आणि त्याचा तिला थोडाफार तोराही होता.

जिना संपला. किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरच्या त्या अरुंद खोलीत एक बाई कानामागे पेन्सिल खोचून बसल्या होत्या. समोर दोन पडदे, भोवती वायरींचं जंजाळ, आणि टेबलावर उघडून ठेवलेल्या डिस्का. बुडालेले, जळालेले, मुलांनी गिळता गिळता वाचलेले सगळ्या तऱ्हेचे फोटो त्या परत आणून देत, म्हणून आसपासचे लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. बोलणंही तसंच. बाबांनी डबी पुढे केली तेव्हा त्यांनी "या, काय होतंय?" असंच विचारलं.

"चूक माझी आहे," बाबा बसायच्या आधीच म्हणाले. "फोटो दिसेनात. मला वाटलं कॅमेरा अडकलाय. मग मी दहा ठिकाणी बोट लावलं, चालतोय का बघायला म्हणून आणखी फोटो काढले, आणि शेवटी वैतागून कार्ड ओढून काढलं. तेव्हापासून कॅमेरा म्हणतो, कार्डच वाचता येत नाही."

"कॅमेरा बंद करून काढलंत की चालू असताना?"

"चालू असताना."

"चालत्या बसमधून उतरता का तुम्ही?"

"जन्मभर बसच दुरुस्त केल्या हो मी," बाबा खाली बघत म्हणाले. "त्या कधी अशा रुसल्या नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी मग आवाज जरा मऊ केला. काय आहे कार्डात, असं विचारलं. बाबा म्हणाले, "हिची आई." एवढंच. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग ठकीनेच सांगितलं, की आई जाऊन फार दिवस झालेले नाहीत, आयुष्यभर ती फोटोला नाही म्हणायची, शेवटच्या वर्षात काय झालं कोण जाणे, बाबांना काढू द्यायला लागली. ते सगळे फोटो या एका कार्डात होते. दुसरीकडे कुठे एकही नाही. सांगताना तिचा आवाज इतका सरळ होता की तिचं तिलाच नवल वाटलं.

कार्ड खाचेत गेलं. पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकायला लागल्या. डॉक्टरीणबाई पेन्सिल चावत बघत होत्या, मध्येच थांबल्या, पुन्हा मागे गेल्या.

"आजोबा, ओढल्यामुळे कार्डाचा एक तुकडा मेलाय, ते खरं. पण तो बिघाड नंतरचा आहे. फोटो त्याच्या आधीच गेलेत," त्या म्हणाल्या. "आपोआप नाही. कुणीतरी हाताने काढलेत. सगळेच्या सगळे, एका दमात."

ठकी जमिनीकडे बघायला लागली. आता बाबा वळून बघणार, आता विचारणार.

"मीच काढलेत ना!" बाबा जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "हातानेच काढले, दुसरं कशाने काढणार? पण एका दमात नाही हो. वर्षभर काढत होतो मी."

डॉक्टरीणबाईंनी बाबांकडे पाहिलं, मग ठकीकडे पाहिलं, आणि ठकीचा चेहरा पाहून त्यांना जे समजायचं ते समजलं. अशा खोलीत बसणाऱ्या माणसाला कार्डापेक्षा चेहरे लवकर वाचता येत असावेत. "बरं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच काढलेत. बघते काय हाती लागतं ते. चार-पाच दिवसांनी या."

खाली उतरताना ठकीला हसू आलं. कसंनुसं. एका शब्दाने तिला वाचवलं होतं. फोटो घ्यायचा तरी आपण काढतो म्हणायचं आणि पुसायचा तरी काढतो म्हणायचं, कुणी ठेवली असेल ही भाषा अशी! मग तिला लाज वाटली. पुढे बाबा उतरत होते, रिकामी डबी खिशात घालून, आणि चूक माझी, चूक माझी असं स्वतःशी पुटपुटत होते. त्यांना थांबवून एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही तिच्याच्याने झालं नाही.

पण ठकीने वचन दिलं होतं, त्याला काय करणार?

त्या दुपारी आईला जरा बरं वाटत होतं. उशीला टेकून बसली होती. बाबा आत स्वयंपाकघरात गळका नळ दुरुस्त करत होते, पान्याची खटखट ऐकू येत होती. ठकीने आईची करमणूक म्हणून कॅमेरा आणला आणि त्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो दाखवायला लागली. खरं तर ती स्वतःच पहिल्यांदा बघत होती. बाबा फोटो काढायचे ते दुपारी, तेव्हा ठकी दुकानात असायची. एकामागून एक आई पुढे येत गेली आणि प्रत्येक फोटोत आधीपेक्षा थोडी कमी होत गेली. गाल गेले, मग केस गेले, मग मान काडीसारखी झाली. ठकीला वाटलं, काय अवदसा आठवली आणि हा कॅमेरा आणला.

आईने शेवटचा फोटो बराच वेळ पाहिला. मग डोळ्यांवरचा चष्मा उतरवून मांडीवर धरला. डोक्यावरून हात फिरवला, केस नव्हते तिथे. आणि ठकीकडे बघून म्हणाली, "काढ."

बघवत नाही म्हणून चष्मा उतरवला, हे कुणालाही कळलं असतं. ठकीला तर डागाकडे बघणाऱ्या माणसांची सवयच होती. तरी तिने विचारून घेतलं. "सगळे?"

आईचे डोळे चमकले. "हो," ती म्हणाली. "सगळे." दम लागला, थांबली. मग स्वयंपाकघराकडे बोट करून म्हणाली, "बाबांना..."

पुढचा शब्द काही फुटेना. ठकीने आईचा हात हातात घेतला आणि उरलेलं वाक्य स्वतःच पुरं केलं. "नाही सांगणार. अजिबात नाही सांगणार बाबांना. तू काळजी करू नकोस."

आणि तिथेच, आईच्या समोर, तिने कॅमेऱ्यात शोधून शोधून पुसायची ती जागा काढली आणि सगळे फोटो पुसून टाकले. "झालं गं," म्हणाली. आई तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ. त्या नजरेत काय होतं ते ठकीला तेव्हा कळलं असं वाटलं होतं. सुटल्यासारखं वाटत असेल तिला, असं ठकीने ठरवून टाकलं. मग आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर तिने कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही, आणि पुढच्याच आठवड्यात ती गेली.

तेव्हापासून ती नजर काही ठकीला सोडत नव्हती. माणूस गेलं की आवाज येतात, सावल्या दिसतात म्हणतात. ठकीला तसं काही झालं नाही. नुसता एक शब्द तिच्या मागे लागला होता. काउंटरवर कुणी "काढा" म्हटलं की तिला आईच्या तोंडूनच ऐकू यायचं, दम लागलेल्या आवाजात, आणि नुसतं "काढ". एकदा एका बाईंनी पांढरा कोट पुढे करून "हे काढ गं तेवढं" म्हटलं, तर ठकीच्या हातातून कोटच गळून पडला. घरी गेलं की दुसरीच तऱ्हा. बाबा आईच्या खुर्चीसमोर कॅमेरा घेऊन बसलेले. आत कार्ड नाही, काही नाही, पण मधूनच बटण दाबायचे. खटक. पुन्हा खटक. रिकाम्या खुर्चीवर नेम धरून. आणि आतला नळ, त्या दुपारी बाबांनी दुरुस्त केलेला, आता थेंबभरही गळत नव्हता, त्यामुळे ती खटक घरभर ऐकू यायची.

चार-पाच दिवस कसे गेले ते ठकीलाच ठाऊक. फोटो परत आले नाहीत तर बाबा जन्मभर स्वतःला दोष देत राहणार. आले तर आईने पुसायला लावलेलं सगळं पुन्हा उघड्यावर येणार, तिचे ते गेलेले गाल, ती काडीसारखी मान. कुणाच्या बाजूने व्हायचं? एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, आईला ते फोटो आवडत नसतील तर?" बाबांनी घास खाली ठेवला. "आवडत नसते तर बसली असती का माझ्यासमोर?" म्हणाले. "तुला नाही माहीत. तू नसायचीस." ठकीने पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दोन खुर्च्या पडद्यासमोर आधीच मांडून ठेवल्या होत्या. पेन्सिल कानामागे नव्हती.

"आधी सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "फोटो कार्डात अखंड नसतो. तुकडे करून ठेवलेला असतो, आणि कुठला तुकडा कुणाचा त्याच्या खुणा वेगळ्या असतात. तुमच्या कार्डात त्या खुणाच गेल्यात."

"म्हणजे कपड्यांना लावलेल्या नावांच्या चिठ्ठ्या गळून पडल्यासारखं," ठकी म्हणाली.

"तसंच. आणि वरून आजोबांनी नंतर जे फोटो काढले ते जुन्यांच्या अंगावर जाऊन बसले. त्यामुळे जे हाती आलंय ते अर्धं याचं, अर्धं त्याचं आहे. बघवेल ना?"

बाबांनी मान हलवली. पडदा उजळला.

वरच्या अर्ध्या भागात रिकामा पलंग होता. घडी घातलेली चादर, उशी, खिडकीचा गज. आई गेल्यावर, कॅमेरा चालतो का बघताना बाबांनी काढलेला. आणि मध्येच कुणी कात्रीने कापून जोडावं तशी एक रेघ, रेघेखाली सगळा रंग जांभळट झालेला, आणि त्यात आईची मांडी. गुडघ्यावरचं पांघरूण, त्यावर तिचे दोन हात. चेहरा असायला हवा तिथे पलंग.

डॉक्टरीणबाईंनी पुढचा फोटो आणला. वर औषधांची फळी, खाली आईचे हात. पुढचा. वर आईच्या चपला, त्याखाली पुन्हा हात. पुढचा वरून नुसता राखाडी, कोळशाने पुसल्यासारखा, आणि खाली तेच हात. कार्डाने तिचा चेहरा म्हणून कुठे शिल्लक ठेवला नव्हता. जिथे तो असायचा तिथे एकेक करून तिच्या नसण्याचा फोटो येऊन बसला होता. ठकीला खोलीबाहेर पळून जावंसं वाटलं.

आणि बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "ठके, बघितलंस का हातात काय आहे?"

ठकीने पाहिलं. प्रत्येक फोटोत, त्या जांभळट, राखाडी उजेडात, आईच्या हातात चष्मा होता. दोन्ही काड्या मिटलेल्या, मांडीवर धरलेला.

"सगळ्यात आहे. एकही चुकला नाही," बाबा म्हणाले. "तिचा नियमच होता. मी कॅमेरा घेतला की आधी चष्मा काढायची. म्हणायची, चष्म्यात मी हेडमास्तरीण दिसते. चष्म्याशिवाय तिला समोरचा मी दिसत नसे, ठोंब्यासारखी भलतीकडेच बघायची. मग डोक्यावरून हात फिरवायची, केस गेले तरी सवय जाईना, आणि म्हणायची, हं, काढा."

डॉक्टरीणबाईंचा हात बटणावरच थांबला.

ठकीला काही ऐकू येईनासं झालं. पडद्यावरचे हात तेवढे दिसत होते. ही चष्म्याची तऱ्हा तिने त्या दुपारीसुद्धा पाहिली होती, छोट्या पडद्यावर, फोटोमागून फोटो, पण ती गाल बघत होती, मान बघत होती, डाग शोधत होती. आणि मग आईने तिच्या डोळ्यांसमोर चष्मा उतरवला होता. डोक्यावरून हात फिरवला होता. समोर बसलेल्या मुलीकडे, जी तिला आता धुक्यासारखी दिसत असणार, तोंड करून बसली होती. फोटोसाठी. आणि मुलीने तिचे सगळे फोटो पुसून तिला सांगितलं होतं, झालं गं.

"तुला कधी म्हणाली नाही?" बाबा विचारत होते. "मला वाटायचं, एकदा तरी ठकीला म्हणेल."

"म्हणाली होती," ठकी म्हणाली.

बाबा खुर्चीतच वळले. "काय सांगतेस? मग? काढलास?"

"काढले."

बाबांचा चेहरा असा उजळला की ठकीला तो बघवेना. त्यांनी तिचा दंड धरला. "अगं मग कुठे आहेत? दुसऱ्या कार्डात आहेत का? बोलली का नाहीस इतके दिवस? चेहरा आहे ना त्यात?"

तेव्हा ठकीने सांगितलं. डॉक्टरीणबाई तिथे आहेत याची तिने पर्वा केली नाही. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. कॅमेरा आणला, फोटो दाखवले, आईने चष्मा उतरवला, काढ म्हणाली, आणि मी पुसले. कार्ड तुमच्यामुळे गेलं नाही बाबा. तुम्ही हात लावायच्या आधीच ते मी रिकामं केलं होतं.

बाबांनी तिचा दंड सोडला नाही. रागावलेही नाहीत. बिघडलेलं इंजिन ऐकताना ते डोळे मिटून घ्यायचे, तसे मिटून घेतले. "शब्द सांग," म्हणाले. "ती काय काय म्हणाली, जसंच्या तसं."

"काढ म्हणाली. मी विचारलं, सगळे? तर म्हणाली, हो, सगळे. मला वाटलं, सगळे फोटो."

"आणि?"

"आणि म्हणाली, बाबांना... पुढचं बोलता आलं नाही तिला. मला वाटलं, बाबांना सांगू नकोस म्हणतेय. मी म्हटलं, नाही सांगणार."

बोलता बोलताच ठकीला ते ऐकू आलं. आपल्याच तोंडून, दम लागलेल्या आवाजात. सगळे. बाबांना. आणि आतल्या दाराकडे उचललेलं ते बोट. तिने तोंडावर हात धरला.

पडद्यावर आईचे हात चष्मा धरून बसले होते, वर रिकामा पलंग होता, आणि खालच्या दुकानातून किल्ली घासल्याचा आवाज येत होता.

"मी आतच होतो गं," बाबा म्हणाले. "नळ दुरुस्त करत होतो. एक हाक मारली असतीस, तर लगेच आलो असतो."